सरकारासाठी मागणं

चोपड्याच्या नदीकाठच्या वाड्यात ख्रिस्तांवांची घरं तीनच, आणि त्यातल्या एकाला वर्षभर कुलूप. पण वळणावरच्या खुर्साला, म्हणजे रस्त्याकडेच्या क्रुसाला, तेल घालणाऱ्या बायका बघायला गेलात, तर परब, शेटकर, नाईक अशा सगळ्या घरांत सापडतील. पोराला ताप आला, जाळं रिकामं आलं, सून माहेरी जाऊन बसली, की पहिली पणती खुर्सापुढे. देवळातला देव मोठा, त्याच्याकडे मोठी कामं घेऊन जायचं. खुरीस येता-जाता रस्त्यात भेटणारा, त्याला किरकोळ काहीही सांगता येतं. हे शास्त्र वाड्याने कुठून शिकलं कुणास ठाऊक, पण ते पाळत मात्र सगळे.

रस्ता रुंद करायला तो खुरीस शुक्रवारपर्यंत हलवा, असा हुकूम निघाला. आणि तो घेऊन आली कोण, तर परबांची गौरवी.

गौरवी तालुक्याच्या कचेरीत संयुक्त मामलेदार होती. आपल्याच तालुक्यात बदली झाली तेव्हा वाड्याने तिचे पेढे खाल्ले होते. 'आता आपलां माणूस सरकारात' म्हणून जे हात तिच्या पाठीवर पडले होते, ते आता छातीवर घट्ट बांधून माणसं तिच्या गाडीकडे बघत उभी राहत. घरात तर आणखी बहार. तिची आई शालिनी दर बुधवारी खुर्साला तेल घालणारी. तिने लेकीशी बोलणंच टाकलं होतं. जेवायला वाढायची, पण बोलायची टोपाशी. "भात असा," असं टोपाला सांगायची आणि आत जायची.

बरं, रस्ता रुंद व्हायला नको होता असंही नाही. ते वळण आंधळं. शाळेची बस तिथे वळताना तीनदा मागेपुढे करते, आणि गेल्याच वर्षी एक पोरगा स्कूटरसकट गटारात गेला होता. कुठली तरी एक बाजू खाल्ल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. एका बाजूला खुरीस, दुसऱ्या बाजूला नदीकडे तोंड करून उभ्या राहिलेल्या एका नव्या बंगल्याची भिंत. आखणी झाली तेव्हा लाल खुंटी बंगल्याच्या बाजूला होती. गौरवीने ती स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. आठवड्याभरात खुंटी रस्ता ओलांडून खुर्सापाशी आली. खुंट्यांना पाय नसतात, हे तिलाही कळत होतं. तिने साहेबांना विचारलं, तेव्हा साहेबांनी छताकडे बोट केलं. "वरून आलंय." तिने मान हलवली आणि सही केली. नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. मान हलवायची सवय तेवढ्यात लागते.

आता तिला एकच घोर होता. मासळीचा टेम्पो चालवणारा साईश पोरं जमवून सांगत फिरत होता की जेसीबी आला तर आमच्या अंगावरून जाऊ दे. साहेबांनी तिकडे पोलीस सांगून ठेवले होते, आणि एक जरी दगड उडाला तरी लाठी चालेल, असंही बजावलं होतं. पण साईशचा आवाज कितीही मोठा असला तरी वाडा त्याच्या शब्दावर जेसीबीपुढे बसणार नव्हता. वाडा बसणार होता बस्त्यांव मास्तरांच्या शब्दावर.

बस्त्यांव मास्तर म्हणजे सत्त्याहत्तर वर्षांचे, मराठी शाळेतून निवृत्त झालेले. अर्ध्या वाड्याला त्यांनी पाढे शिकवले होते आणि उरलेल्या अर्ध्याला कान धरून उभं केलं होतं. गौरवी दोन्हींत मोडत होती. बायको गेल्यापासून ते एकटेच असत. दर वर्षी मे महिन्यात खुर्सापुढे लदीन व्हायचं, म्हणजे मेणबत्त्या लावून सगळ्यांनी मिळून म्हणायची सांतांची प्रार्थना. ते मास्तरांच्या व्हायोलिनशिवाय सुरू होत नसे. ते बसले तर वाडा बसणार, आणि पहिली लाठी त्यांच्याच पांढऱ्या डोक्यावर पडणार. गौरवीला झोप लागत नव्हती ती यामुळे.

बुधवारी सकाळी ती नोटीस घेऊन त्यांच्याकडे गेली. मास्तर बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, चहात उंडो, म्हणजे गोल पाव, बुडवून खात बसले होते.

"ये गो. च्या घेतलंस?"

"नको मास्तर. ह्यां देवक इलंय."

त्यांनी चष्मा लावला आणि जुन्या सवयीने कानामात्रा तपासत कागद दोनदा वाचला. गौरवीने येताना सगळी उत्तरं पाठ करून ठेवली होती. बस, वळण, अपघात, लोकहित. मास्तरांनी खिशातलं पेन काढलं.

"सही खंय करू?"

तिने बोट दाखवलं. त्यांनी वळणदार अक्षरात सही केली आणि कागद तिच्या हातात दिला. पाठ केलेलं सगळं तिच्या तोंडातच राहिलं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि क्षणभर वाटलंही.

"तुमका राग नाय इलो?" तिने विचारलं.

"इलो. पण राग वेगळो आणि सही वेगळी." त्यांनी उरलेला उंडो तिच्यापुढे सरकवला. "सां पावलून बायबलात रोमच्या लोकांका लिवन ठेवलां, वर बसललां सरकार देवान बसयलेलां असा, तेका मान देवा. आणि तेवा वर बसललो कोण? नीरो. त्याच नीरोच्या माणसांनी मागीर पावलूची मान उडयली."

"आणि तरीय तसां लिवल्यान?"

"तरीय. माका पुरता समाजलां नाय अजून. खोटां कित्याक बोलू?"

मग त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. वडील इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, मागणी वाचायचे. आजाऱ्यांसाठी, दर्यावर गेलेल्यांसाठी, आणि सरकारासाठी. लिस्बनचं राज्य होतं तोवर लिस्बनच्या सरकारासाठी मागत. गोवा मुक्त झाला, आणि त्याच आवाजात, त्याच जागेवर उभं राहून ते दिल्लीच्या सरकारासाठी मागू लागले. लोक हसले. तेव्हा बस्त्यांव तेरा वर्षांचा होता, आणि बापाची त्याला इतकी लाज वाटली की त्याने घरी येऊन तोंडावर विचारलं, कालपर्यंत त्यांच्यासाठी आणि आज यांच्यासाठी, तुमका काय वाटना?

"पाय म्हणालो," मास्तर हसले. वडिलांना ते 'पाय' म्हणत. "राजा बदललो, बाबा. पण राजाक अक्कल होयी, ह्यां खंय बदललां?"

गौरवीलाही हसू आलं. लहानपणी या ओट्यावर बसून चुकलेली गणितं सोडवताना जसं हलकं वाटायचं, तसं तिला वाटू लागलं होतं. पण मास्तरांचं संपलं नव्हतं.

"फिरंग्यांनी आमका एकच ओळ वाचून दाखयली, मान वाकयाट. जगातल्या सगळ्या बादशायांक तीच ओळ आवडता. फुडली ओळ ते गिळतत. फुडे लिवलां असा, सरकार म्हणजे देवाचो चाकर, तुझ्या बऱ्यासाठी ठेवललो. चाकर, गो. मालक न्हय." त्यांनी चष्मा काढला आणि तिच्याकडे बघितलं. गणित तपासताना बघायचे तसं, रागाने नव्हे, नुसतं उत्तराची वाट बघत. "म्हणान तुका इचारतंय. हुकूम बरोबर असा मगे?"

वळणावर बस हॉर्न देत होती. गौरवीच्या डोळ्यांपुढे लाल खुंटी आली, आधी पलीकडे, मग अलीकडे.

"होय, मास्तर."

"मगे झाला," ते म्हणाले, आणि कप उचलून उरलेला चहा प्यायले.

त्यांनी आरडाओरडा केला असता, तिला घराबाहेर काढलं असतं, तर बरं झालं असतं. त्यांनी तिच्या शब्दावर विश्वास ठेवला. ती पायऱ्या उतरत होती तोच साईश टेम्पो तसाच रस्त्यात सोडून आत शिरला. सहीची बातमी त्याला कुठून लागली देव जाणे. आपल्या वाड्यात बातमीला रस्ता रुंद करावा लागत नाही.

"मास्तर, भिलात तुमी?"

"बस. उंडो खा."

"माका उंडो नको. आमी हिंदू असून बसाक तयार, आणि तुमी सही देवन मोकळे?"

"आयक," मास्तर शांतपणे म्हणाले. "देवाक मागू नको, असो हुकूम इलो, तर माझी बसाची कदेल घेवन मी जेसीबीच्या म्होरे बसतलंय. तू येयनास तरीय बसतलंय. माणसाच्या आदी देवाचां आयकाचां, ह्यांय आमकां सांगललां असा. पण ह्यो हुकूम तसो न्हय. पोरांची बस वळाक जागा होयी. देवान रस्त्याक जागा दिली म्हणान देव ल्हान होता काय? ज्येका खुर्सार मारलो, तेका सरकाराच्या हुकमानच मारलो. तो उतरून भांडाक इलो नाय."

"पण हुकूम खरो असा कशावरून?"

"गौरवी म्हणता, बरोबर असा."

फाटकाशी थांबलेल्या गौरवीने हे ऐकलं. ती गाडीत बसली, किल्ली लावली, आणि गाडी सुरू न करताच बराच वेळ बसून राहिली.

खुरीस शुक्रवारी उतरणार, म्हणून मास्तरांनी मेमधलं लदीन अलीकडे ओढून गुरुवारी संध्याकाळी ठेवलं. दुपारीच शेटकरीणबाईंनी मोठ्या टोपात चणे शिजत घातले, त्यात खोबऱ्याचे तुकडे पडले. साईशने तोंड फुगवूनच का होईना, खुर्साला चुना लावला. उद्या पाडायच्या गोष्टीला आज चुना लावणं याला शहाणपण म्हणत नाहीत, पण उद्या जायचं म्हणून माणूस आज अंघोळ करायचं सोडत नाही. सूर्य नदीत उतरला तशा मेणबत्त्या लागल्या आणि मास्तरांनी व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं.

मास्तर लॅटिनमध्ये एकेका सांताचं नाव घेत, आणि मागून सगळा वाडा 'ओरा प्रो नोबीस' म्हणे. आमच्यासाठी विनंती कर, एवढाच त्याचा अर्थ. वाड्यातल्या बायकांना तो विचारायच्या भानगडीत पडू नये. पण सूर कुठे चढतो आणि कुठे उतरतो, ते त्यांना आरतीइतकं पाठ. गौरवी मागे, आंब्याखाली उभी होती. तिच्या आजूबाजूला रिकामी जागा राहिली होती. तिच्या आईचा आवाज पुढून, सगळ्यांहून उंच येत होता.

लदीन संपलं आणि मास्तरांनी मागणी सुरू केली. मेलेल्यांसाठी. आगबोटीवर असलेल्यांसाठी. यंदा बारावीला बसलेल्यांसाठी. प्रत्येक मागण्यामागे सगळे मिळून एकेक 'आमच्या बापा' म्हणत. मग मास्तरांनी व्हायोलिन खाली घेतलं.

"आता सरकारासाठी," ते म्हणाले. "आमच्या पायन लिस्बनच्या सरकारासाठी मागलां. तेणी लिस्बन कधी बघूक नाय. मी साठेक वर्सां दिल्लीसाठी मागतंय, दिल्लीय माका ठावक नाय. पण औंदा देवान आमका दिसता असां सरकार दिलां. तेचां नाव गौरवी. तेका मी तिनाचो पाढो शिकयलंय. देवा, तिच्यार राग धरू नको, आमकाय धरूक दिव नको. तिका बरी झोप दी. आणि खऱ्याक धरून रवाचां बळ दी."

 नदीवरून एका होडीचं इंजिन ऐकू येत होतं. मग पुढून एकटा आवाज उठला, "आमच्या बापा," आणि तो शालिनीचा होता. चार दिवस लेकीशी न बोललेली ती बाई, जे मागणं तिच्या देवाचंही नव्हतं ते, पदर डोळ्यांना लावून ठणठणीत म्हणत होती. तिच्या मागोमाग शेटकरीणबाई, मग सगळे, अगदी साईशसुद्धा.

गौरवी रडली. संयुक्त मामलेदाराने चारचौघांत रडू नये असा काही नियम नसेल, पण रिवाज तरी असावा. तिने तोही पाळला नाही. चणे वाटताना आई तिच्यापाशी आली, तिची ओंजळ धरून त्यात वाटीभर चणे ओतले आणि म्हणाली, "खा गो. सुकलंस किती." आणि मग पुढच्याला वाढायला गेली.

माणसं पांगली तेव्हा मास्तर व्हायोलिन पेटीत ठेवत होते. गौरवी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"मास्तर, मी खोटां बोल्लंय. खुंटी आदी पलीकडे होती, बंगल्याकडे. मागीर ती हलयल्यानी. माका म्हायत होतां."

मास्तरांनी पेटीचं झाकण लावलं. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसला.

"तुमी फाल्या सकाळी बसा," ती घाईघाईने म्हणाली. "तुमी बसलात तर सगळे बसतत. मी वर कळयतंय, लोकांचो विरोध असा, काम थांबवचां पडला. माका कारण गावतला. कोणाक काय होवचां नाय, मी पोलिसांक आदीच परत धाडतंय."

"नाय."

"मास्तर—"

"माझ्या आड लिपू नको, गौरवी." आवाज कठोर नव्हता, पण त्यात हलायला जागा नव्हती. "मी सही केलंय. हुकूम चुकीचो असा ह्यां मी हुकमावरून वळखू शकना, तू वळखतंस. तो दुरुस्त करपाचां काम तुजां. लोक बसले म्हणान सरकार भिलां, तर फुडच्या पावटी ते जास्त लाठये घेवन येतले. आणि तू तितकीच भित्री रवतलंस." ते उठले. "सकाळी मी येतलंय. पहार घेवन. चुनो काडूचो तो मीच काडतलंय, दुसऱ्याचो हात नको. तू तुजां काय तां बघ."

दोन पावलं जाऊन ते परत फिरले आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"भंय दिसता?"

"होय."

"दिसांदी. भित भित केलां तरीय चलता."

शुक्रवारी जेसीबी आला, पोलिसांच्या दोन गाड्या आल्या, कंत्राटदाराचा माणूस छत्री उघडून उभा राहिला. वाडाही आला होता, पण बसला नव्हता. मास्तरांनी सांगितलं होतं, कुणी बसायचं नाही, म्हणून सगळे नुसते उभे होते. पोलिसांनाच काय करावं कळेना. दंगा करणाऱ्यांना हटवता येतं; अशा मुकाट उभ्या माणसांचं काय करायचं, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.

मास्तर आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खांद्यावर धुतलेली चादर, हातात पहार. चादर त्यांनी गवतावर पसरली, खुरीस उतरवून ठेवायला. मग ते गुडघ्यांवर बसले, कपाळाला हात लावून क्रूस काढला, आणि पहारीच्या आधाराने उठले. उठताना त्यांना दोनदा दम घ्यावा लागला. साईश मदतीला पुढे झाला तर त्यांनी हातानेच त्याला मागे सारलं. एकदाही त्यांनी गौरवीकडे बघितलं नाही. पहारीचं टोक त्यांनी कालच्या ओल्या चुन्यात, खुर्साच्या पायाशी टेकवलं आणि ती वर उचलली.

"थांबा, मास्तर."

तिला वाटलं होतं आपला आवाज मोठा निघेल. तो जेमतेम निघाला. मास्तरांनी पहार तशीच वर धरली. म्हाताऱ्या हातांना ते वजन पेलत नव्हतं, पण त्यांनी ती खाली आणली नाही.

"ह्यां कोण सांगता?" त्यांनी मान न वळवता विचारलं. "परबांची गौरवी, काय सरकार?"

सगळा वाडा तिच्याकडे बघत होता, पोलीस बघत होते, छत्रीवालाही बघत होता.

"सरकार," गौरवी म्हणाली.

"मगे आयकाक होया." त्यांनी पहार हळूच गवतावर ठेवली.

तिने जेसीबीवाल्याला किल्ली काढायला लावली आणि साहेबांना फोन लावला. खुंटी हलवली गेली आहे, मूळ आखणी मी स्वतः पाहिली आहे, काम थांबवलंय, तसं लेखी आज देते. 

"कुणाला विचारून थांबवलंत?" साहेबांनी विचारलं.

लहानपणापासूनच्या सवयीने तिने मास्तरांकडे बघितलं. मास्तरांनी तिच्याकडे पाठ केली होती. ते खुर्साच्या पायरीवर बसून रात्रीच्या मेणबत्त्यांचं सांडलेलं मेण नखाने खरवडत होते, जणू त्यांना दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

"कुणालाही नाही, साहेब," ती म्हणाली. "मी थांबवलंय. माझ्या नावावर घाला."

साहेब पुढे बरंच काही बोलले. त्यात पाळी गावच्या खाणींकडे बदलीचं होतं आणि चौकशीचंही होतं. ती शेवटपर्यंत 'हो साहेब' म्हणत उभी राहिली. मग तिने फोन ठेवला. मास्तरांनी आपल्या शेजारची पायरी हाताने झाडली, आणि ती तिथे जाऊन बसली.